तेव्हा नियम वेगळा होता

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. लिहायला बसलो की दुसरंच काहीतरी लिहून उठायचो. इथल्या हिवाळ्यावर लिहिलं, सायकलींवर लिहिलं, वरच्या मजल्यावरच्या डच म्हातारीवर लिहिलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात ते छापून आलं आणि लोकांनी "काका, छान लिहिता" असंही म्हटलं. त्या प्रत्येक लेखात बायको कुठेतरी चहा करताना नाहीतर कुंडीला पाणी घालताना होती. तिच्याबद्दल लिहायचं होतं ते एवढं नव्हतं.

आता ती नाही. गेल्या पावसाळ्यात तिचा भाऊही गेला. खरं सांगितलं तर ज्यांना त्रास झाला असता ती दोन माणसं आता नाहीत, आणि ज्यांना ते सांगायला हवं होतं तीही हीच दोन. त्यामुळे हे लिहून आता कुणाचं काही भलं होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो.

आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटली होती. सॉफ्टवेअरची नोकरी होती, कंपनीने परवाना काढून दिला होता, आणि बायकोचा परवाना माझ्या परवान्याला जोडलेला. आम्हाला मूल नव्हतं. ती पुण्यात शाळेत मराठी शिकवायची, ती नोकरी सोडून आली. डीमन नावाच्या उपनगरात ट्रामच्या थांब्याजवळ तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या आणि त्या खिडक्यांना पडदे नसायचे. "यांना लपवायचं काही नसतं वाटतं," असं ती पहिल्या आठवड्यात म्हणाली होती.

इथे पाच वर्षं सलग राहिलं की कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. सगळी मेख त्या 'सलग' शब्दात. मधल्या काळात देशाबाहेर किती राहिलात हे अर्जात सांगावं लागतं. एका वेळी सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात, तर तुम्ही बिऱ्हाड हलवलं असं धरतात आणि पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून. दुसरा एक नियम चार महिन्यांचा होता. पण तो लागोपाठ तीन वर्षं दर वर्षी चार महिन्यांहून जास्त बाहेर राहणाऱ्यांसाठी. एखाद्याच वर्षी चाराचे पाच महिने झाले तर काही बिघडत नसे.

हे मला तोंडपाठ होतं. आमच्या ओळखीतली पुण्या-मुंबईची तरुण मंडळी रविवारी कागद घेऊन माझ्याकडे यायची. गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कुठला दाखला मागायचा, जन्मदाखल्यावर शिक्का कुठून आणायचा, सगळं मला विचारायची. कंपनीतल्या एकाचे वडील नागपूरला आजारी पडले, तेव्हा आमच्याच सोफ्यावर बसून तो रडवेला झाला होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो होतो, "अरे, जा निवांत. सहा महिन्यांच्या आत परत ये, बस. चार महिन्यांची भीती घालतील लोक, ऐकू नकोस." बायको तेव्हा आत पोहे परतत होती. तिने ते ऐकलं नसावं. ऐकलं असतं तर पुढचं सगळं झालंच नसतं.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये कराडहून फोन आला. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बायको चौथ्या दिवशी विमानात बसली. मीच तिला विमानतळावर सोडलं आणि म्हणालो, "इकडची काळजी करू नकोस." तेव्हा ते मनापासून म्हटलं होतं.

तिकडे गेल्यावर एक गोष्ट झाली. सासूबाई भावजयीच्या हातून खाईनात. तोंड भिंतीकडे वळवायच्या. नर्स ठेवली, तिच्या हातूनही नाही. लेकीने चमचा धरला की मात्र तोंड उघडायच्या. पेज, मऊ भात, कुस्करलेलं केळं. फोनवर बायको हसून सांगायची, "आज वाटीभर खाल्लं. मला अगदी लहान मुलगी असल्यासारखं रागे भरत होती डोळ्यांनी." भावजय बिचारी चांगली होती. ती म्हणायची, "ताई, तुम्ही आहात म्हणून चाललंय हो."

इकडे मी एकटा. पहिला महिना मजेत गेला. दुसऱ्या महिन्यात ऑफिसातून घरी यायला नको वाटू लागलं. स्वयंपाक येत होता, तो प्रश्न नव्हता. कुणाशीतरी मराठीत भांडायची सवय होती, ती मोडली होती. तिच्याशी फोनवर बोलायला लागलो की ती अर्ध्यातून उठायची, "थांबा हं, आई हाक मारतेय." ज्या बाईची वाचा गेली ती हाक कशी मारत होती कुणास ठाऊक. मी फोन धरून बसायचो. पुढे पुढे मला त्या आजारी बाईचा राग येऊ लागला. लिहिताना हात अडखळतो, पण हेच खरं आहे.

ऑक्टोबरात दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मंडळाचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी एकटाच गेलो. चकलीची ताटली हातात घेऊन उभा होतो तर एक जण मोठ्याने म्हणाला, "काय हो, वहिनी अजून माहेरीच? रेशनकार्ड काढलं की काय तिकडे?"

दुसऱ्याने री ओढली. "रेशनकार्ड कसलं, डिव्होर्सचे पेपर असतील. काका, कायमचा परवाना त्यांनी तिकडचाच काढलेला दिसतोय!"

सगळे हसले. मीही हसलो. एक वहिनी म्हणाल्या, "गप्प बसा रे, त्यांची आई आजारी आहे," पण हसू आवरत म्हणाल्या. त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. असली थट्टा आम्ही सगळेच करत होतो. पण मी घरी येईपर्यंत ट्राममध्ये तेच ऐकत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फोन केला आणि म्हणालो, "चार महिने होत आले. आता परत यायला हवं."

"का? काय झालं?"

"नियम आहे. वर्षात चार महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की आपलं सलग राहणं मोडतं. तीन वर्षं पाण्यात जातील."

'लागोपाठ तीन वर्षं' हे शब्द मी गाळले. बाकी नियम बरोबर सांगितला. खोटं बोलायला मला एवढंच करावं लागलं.

ती म्हणाली, "पण आई माझ्याच हातून खाते हो."

तेव्हा मी जे केलं त्याची मला जास्त लाज वाटते. तिला सरकारी भाषेतलं काही पटलं नसतं, ती उलट दहा प्रश्न विचारणारी शिक्षिका होती. पण लग्नानंतर मूल होत नव्हतं तेव्हा तिने सोळा सोमवार केले होते. एकदा नाही, दोनदा. मला ते आठवलं, आणि मी म्हणालो, "हे सोळा सोमवारांसारखं आहे बघ. मध्ये मोडलं की पुन्हा पहिल्या सोमवारपासून."

ती लगेच म्हणाली, "पण त्यात अडचण आली तर तो सोमवार धरत नाहीत. सुतक आलं, बाई अडचणीत असली, तर तेवढा सोडून पुढचा धरायचा. व्रत मोडत नाही त्याने. इथे तसं काही नाही?"

होतं. तिने न वाचता नियम बरोबर ओळखला होता. बाहेर राहण्याला सवलत होती, आणि तिच्या हातात अजून जवळजवळ दोन महिने होते. कारण पटण्यासारखं असेल तर त्यापुढेही विचारून बघता आलं असतं.

मी म्हणालो, "हे सरकार आहे. देव नाही."

तिने एवढंच विचारलं, "नक्की?"

"नक्की."

ती दिवाळीच्या तोंडावर परत आली. मेहुणा तिला म्हणाला होता, "ताई, भाऊबीज तरी करून जा." ती थांबली नाही, कारण भाऊबीजेपर्यंत चार महिन्यांच्या वर दोन दिवस गेले असते. विमानतळावर ती मला दिसली तेव्हा तिने घाईने विचारलं, "मोडलं नाही ना?" मी म्हणालो, "नाही, बसलं नियमात." आणि तिची बॅग घेतली. त्या रात्री घरात फोडणीचा वास आला आणि मला सुख वाटलं, हेही सांगून टाकतो.

तिकडे सासूबाईंनी तोंड उघडणं बंद केलं. नाकातून नळी घातली. ती नळी त्या डाव्या हाताने ओढून काढायच्या, म्हणून हात कॉटला बांधला. हे मेहुण्याने फोनवर सांगितलं. बायकोने स्पीकर लावला होता, मी ऐकत होतो. डिसेंबरात त्या गेल्या. ती तिथे असती तर वाचल्या असत्या का? डॉक्टर म्हणाले असते, सांगता येत नाही. मीही तेवढंच म्हणतो. पण हात बांधावा लागला नसता.

सकाळी फोन आला. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "मी निघते. दुपारचं विमान मिळेल ना?"

आणि मग माझ्याकडे बघून स्वतःच थांबली. "पण माझे चार महिने तर संपलेत."

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. वर्षाला चार महिने, असं मी सांगितलं होतं. त्या हिशेबाने तिला जानेवारीपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. त्या क्षणी "जा, काही होत नाही" म्हणालो असतो तर ती गेली असती, आणि विमानात बसल्यावर तिला कळलं असतं की ऑक्टोबरातही काही होणार नव्हतं. मी म्हणालो, "बघू या." मग कंप्यूटरसमोर बसून काहीतरी वाचण्याचं नाटक केलं. ती दारात उभी होती.

"अंत्यविधीला नाही, तर दिवसांना तरी? दहाव्याला?"

"जानेवारीत जा," मी म्हणालो. "एकदा वर्ष बदलू दे."

मेहुण्याला तिनेच फोन करून सांगितलं. तो स्पीकरवर नव्हता, पण एवढ्या मोठ्याने बोलला की मला ऐकू आलं. "असू दे ताई, आम्ही थांबत नाही. तुझा तिकडे नियम असेल काहीतरी."

लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीन दिवस. तिने ते डीमनच्या फ्लॅटमध्ये पाळलं. पडदे ओढून घेतले. शेजारच्या डच बाईने बेल वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. दुसऱ्या दिवशी माझी ऑफिसात मीटिंग होती. मी गेलो.

जानेवारीत ती कराडला जाऊन आली. मेहुणा समोर बसला, पण बोलला नाही. भावजयीने चहा दिला, ओटी भरली, आईचं एक लुगडं दिलं. तेव्हापासून मेहुण्याचा फोन बंद झाला. ती दर भाऊबीजेला करायची, भावजय उचलायची आणि म्हणायची, "हे बाहेर गेलेत." मागून खोकल्याचा आवाज यायचा.

पाच वर्षं भरली आणि आम्ही अर्ज करायला बसलो. शनिवारची दुपार होती. टेबलावर दोघांचे पासपोर्ट, त्यातले शिक्के बघून ती तारखा सांगत होती आणि मी लिहीत होतो. बाहेर राहिल्याची एकेक नोंद. तिची कराडची नोंद आली तेव्हा मी मान वर केली नाही. अर्जासोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं, ते तिने उचललं. मी म्हणालो, "ते राहू दे, मला माहितेय सगळं." पण शिक्षिका होती ती. कागद हातात आला की वाचायची.

"अहो, इथे तर सहा महिने लिहिलंय."

मी लिहीतच राहिलो.

"आणि चार महिन्यांचं लागोपाठ तीन वर्षं असेल तर, असं आहे. मला तर अजून..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. ओळीवर बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं, आता. आता सांगून टाकावं. जे व्हायचं ते होऊ दे. आणि माझ्या तोंडून आलं, "तेव्हा नियम वेगळा होता. आता शिथिल केलाय."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला संशय आला असेल, असं मी पुढे कितीतरी वर्षं मनात घोळवलं. एका परीने मला तो यायला हवा होता. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ती म्हणाली, "आपण इकडे दोन वर्षं उशिरा यायला हवं होतं मग." आणि उठून चहा ठेवायला गेली.

परवाना आला. अर्जात एक अक्षरही खोटं नव्हतं. सगळ्या तारखा बरोबर. आमच्या ओळखीत इतका स्वच्छ अर्ज कुणाचा नसेल.

त्यानंतर कुणीही आईचा विषय काढला की ती हेच सांगायची. "तेव्हा नियम वेगळा होता हो. आताच्या मुलांना बरं आहे." एकदा तर रविवारी कागद घेऊन आलेल्या एका मुलीला तिने माझ्यासमोर सांगितलं. त्या मुलीने सगळं आधीच वाचलेलं होतं. तिने माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं. मी तिचा जन्मदाखला उलटसुलट करत राहिलो. त्यानंतर मी लोकांचे कागद बघणं सोडलं. डोळ्यांचं कारण सांगितलं.

बायकोला कॅन्सर झाला तो पोटाचा. आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, आधी गोळ्या देऊन घरी पाठवलं, मग तपासण्या झाल्या, मग उशीर झाला असं कळलं. शेवटचे आठवडे ती हार्लेमच्या एका हॉस्पिसमध्ये होती. खोली चांगली होती, बागेकडे तोंड करून. तिचं डच हळूहळू गेलं, इंग्रजीही गेलं, मराठी तेवढं राहिलं. नर्स काही विचारायला आल्या की मी मधे बसून सांगायचो.

एका दुपारी ती म्हणाली, "भावाला फोन लावा. तोंड बघू दे."

मी व्हिडिओ कॉल लावला. भावजयीने उचलला, स्क्रीनवर हिचा चेहरा बघितला आणि लगेच फोन नवऱ्याच्या हातात दिला. मेहुणाही म्हातारा झाला होता. मी उशीशी बसून फोन धरला होता.

"ताई, किती गं वाळलीस."

"तू तरी कुठे बाळसं धरलंयस," ती म्हणाली. तो हसला आणि हसता हसता रडायला लागला.

मग ती म्हणाली, "तुझा राग आहे ना माझ्यावर अजून. मी आईला टाकून आले म्हणून."

"जाऊ दे ना आता ते, ताई."

"नाही, ऐक. मला यायचंच नव्हतं. नियमच तसा होता तेव्हा. चार महिन्यांच्या वर एक दिवस राहिले असते तर यांची माझी सगळी वर्षं गेली असती. आता बदललाय तो. तेव्हा वेगळा होता." दम लागला म्हणून ती थांबली. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "सांगा ना हो त्याला. तुम्हाला नीट माहितेय."

मेहुणा स्क्रीनमधून माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. "खरंय का दाजी?"

माझ्या हातात फोन होता.

"हो," मी म्हणालो. "नियमच होता."

त्याने डोळे पुसले. "मग मला आधी का नाही गं सांगितलंस असं नीट. मी उगाच इतकी वर्षं... चुकलं ताई माझं. तू काय करणार होतीस. माफ कर मला."

"वेडा आहेस," ती म्हणाली.

त्याने तिची माफी मागितली. माझ्यासमोर, माझ्या हातातल्या फोनमधून. आणि तिने ती देऊनही टाकली. नंतर ती दोघं लहानपणच्या कुठल्याशा चिंचेबद्दल बोलली, मला नीट आठवत नाही. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा इतका हलका झाला होता की मी वर्षानुवर्षं तसा पाहिला नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली. तोंडात शब्द तयार होते. पण खरं सांगितलं तर आत्ता मिळालेला तिचा भाऊ तिच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल, असं मनात आलं. हे कारण खरंही आहे आणि पुरेसं सोयीचंही. मी म्हणालो, "अगं, ऐक."

"खिडकी लावा ना," ती म्हणाली. "गार येतंय."

मी उठून खिडकी लावली. तिचा खटका नीट बसत नव्हता, दोनदा ढकलावी लागली. वळलो तर तिचे डोळे मिटलेले होते. झोपली होती, श्वास चालू होता. ती त्यानंतर अजून पाच-सहा दिवस होती. रोज मी त्याच खुर्चीवर बसलो, आणि रोज आधी विचारलं, पाणी हवं का, उशी नीट करू का. पुढचं वाक्य रोज मनात जुळवलं आणि रोज गिळलं. ते असं होतं: अगं, तेव्हाही नियम हाच होता. तू आईजवळ राहू शकली असतीस. मला एकट्याला घरात करमत नव्हतं आणि लोक हसले, म्हणून मी तुला बोलावून घेतलं. मला माफ कर.